पाचव्या मार्गाची नोंद

हुबळीच्या एका सायकल गटासाठी मी पाच मार्ग लिहून दिले होते. पहिले चार अजून त्यांच्या पुस्तिकेत आहेत. पाचवा काढून टाकला. हे त्या पाचव्याबद्दल आहे. मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण जसं झालं तसं सांगतो.

आमचं गाव अळणावरच्या पलीकडे, जंगलाला लागून. सतरा घरं. घरात मराठी, बाहेर कानडी. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. भूगोल घेऊन बीए करतो आणि धारवाडात सप्तापूरला एका खोलीत दोघांबरोबर राहतो. शनिवारी दुपारी गावी येतो, सोमवारी पहाटेच्या दुधाच्या टेम्पोतून परत जातो.

अशाच एका रविवारी तो गट आमच्या गावात आला. सात-आठ जण, डोक्यावर हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे. एकाची चेन तुटली होती. मी आमच्या जुन्या सायकलीची अवजारं आणली आणि चेन जोडून दिली. तो माणूस गटाचा म्होरक्या होता. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात त्याचं कापडाचं दुकान आहे, आजोबा मिरजेकडून आलेले. सगळे त्याला अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. माझं बोलणं ऐकून तो म्हणाला, "तुझं मराठी आमच्यापेक्षा बरं की रे. आमचं म्हणजे गिऱ्हाइकाबरोबर कानडी, घरात मराठी, आणि रागावलो की दोन्ही."

त्याने मला काय शिकतोस ते विचारलं. भूगोल म्हटल्यावर त्याला नकाशे आठवले असावेत. धारवाडच्या पश्चिमेकडचे सायकलचे मार्ग एकत्र करून एक पुस्तिका काढायचं त्यांच्या मनात होतं. डांबरी रस्त्याचेही आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांचेही. त्यांच्यातल्या कुणाला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्याने मला त्याची एक जुनी गिअरची सायकल वापरायला दिली आणि म्हणाला, तू फीर आणि लिही.

त्या हिवाळ्यात मी फिरलो. धारवाडहून निघालं की पहिले काही किलोमीटर काळी माती असते. थोडा पाऊस पडला असेल तर ती टायरला चिकटते, ब्रेकमध्ये अडकते, शेवटी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मग एका चढानंतर माती लाल होते आणि चाक मोकळं होतं. हे एवढं स्पष्ट कळतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. बसमधून मी तिथून शेकडो वेळा गेलो होतो. कलघटगीच्या बाजूला तलावांच्या बांधांवरून जाणारा एक मार्ग लिहिला. एक सागाच्या लागवडीच्या कडेने जाणारा. प्रत्येक मार्गाला चढ किती, सावली कुठे, पाणी कुठे मिळतं, पंक्चर काढणारा कुठे आहे, असं लिहायचो. आमचे शिकवणारे सर सांगत की एखादी जागा बघितली की तीन गोष्टी लिहायच्या: ती कशी आहे, कोण वापरतं, कोण राखतं. मी तसंच लिहीत होतो. खोलीतले दोघे हसायचे. म्हणायचे, परीक्षेत एवढं लिहिलंस तर पहिला येशील.

चार झाले. अण्णा म्हणाला, एक खरोखर डोंगरातला हवा, मुरमाचा, अरुंद, झाडीतून जाणारा.

तसा एक मला माहीत होता. आमच्या गावाहून जंगलातून हमरस्त्याला उतरणारी वाट. तीन किलोमीटर. मी त्याच वाटेने हायस्कूलला गेलो. आई अजून त्याच वाटेने कामाला जाते. हमरस्त्यावर एक वसतिगृह आहे, तिथल्या स्वयंपाकघरात ती भाकऱ्या करते. आठला हजर व्हावं लागतं. वाटेने पाऊण तास लागतो. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जातो, तो नऊ किलोमीटर. बस दहाला येते आणि पावसात येतच नाही.

त्या वाटेचं असं आहे की ती दरवर्षी करावी लागते. पावसाळ्यात घाणेरी आणि बांबूचे कोंब दोन्ही बाजूंनी येतात आणि वाट मिटवून टाकतात. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सगळी घरं कोयते घेऊन निघतात. सोमवारी बैल जुंपत नाहीत, म्हणून तो दिवस. प्रत्येक घराचा हिस्सा ठरलेला. आमचा नाणा जातीच्या एका मोठ्या झाडापासून ओढ्यापर्यंत. काका वेगळे झाले तेव्हा शेत, गोठा, भांडी यांच्याबरोबर वाटेचा हिस्साही अर्धा अर्धा झाला, साठ पावलं आम्हाला, साठ त्यांना. एखाद्या घरात कुणी आजारी असेल तर शेजारचे त्याचा हिस्सा करतात आणि वर्षभर त्यावरून त्याला चिडवतात. ज्या घरात कुणी मेलेलं असेल त्यांचा हिस्सा मात्र सगळे मिळून करतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

वाट पुस्तिकेत द्यावी का, हे मी अप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारलं होतं. ते मला सांगायला पाहिजे, नाहीतर मी कुणाला न विचारता दिली असं वाटेल. अप्पा गोठ्यात होते. म्हणाले, "वाट काय आमी बांधून ठेवलीया? येऊ देत की." मग विचारलं, "ते लोक जेवणार काय इथं?" मी म्हटलं, नाही, ते आपापलं आणतात. "मग बरंच की," ते म्हणाले.

मी वाट सायकलवरून दोनदा उतरलो, फोनवर तिची रेघ नोंदवली, आणि नोंद लिहिली. चढ, ओढा, निसरडे दगड. आणि शेवटी हे: "ही वाट गावातील सतरा घरे दरवर्षी दसऱ्यानंतर कोयत्याने तोडून साफ करतात. प्रत्येक घराचा हिस्सा ठरलेला आहे. सायकलस्वारांनी याची जाण ठेवून हळू जावे." अण्णाला ते फार आवडलं. त्याच्या मुलीने ते कानडीतही केलं. पुस्तिका फोनवरून सगळीकडे गेली. मी ती खोलीतल्या दोघांना दाखवली. सरांनाही दाखवली. सरांनी पाचव्या नोंदीखाली पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

लोक येऊ लागले. आधी हुबळीचे, मग बेळगावचे, मग कुठले कुठले. रविवारी सकाळी गावात आठ-दहा सायकली दिसायच्या. बायका पाणी द्यायच्या. आई माझ्याकडे बघून विचारायची, "डोक्यावर सरपण न्हाई, पाठीवर पोर न्हाई, मग हे चढत्यात कशाला गा?" मी सांगायचा प्रयत्न करायचो, व्यायाम वगैरे. ती म्हणायची, "माझी एक पाटी देतो म्हणावं त्यास्नी. दुप्पट व्यायाम व्हईल." ओढ्याजवळ कुणीतरी दगड रचून सायकलने उडी मारायची जागा केली. ती अप्पांनी काढून टाकली. एवढंच. भांडण कुणाशी झालं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असताना वनखात्याचे साहेब आले. बरोबर गार्ड. गार्डला आम्ही ओळखत होतो, तो त्याच वाटेने यायचा-जायचा, आमच्याकडे ताक प्यायचा. त्या दिवशी त्याने ताक घेतलं नाही. साहेब देवळाच्या कट्ट्यावर बसले आणि पिशवीतून एक कागद काढला. माझ्या पाचव्या मार्गाचं पान होतं, कानडीतलं, छापून आणलेलं.

त्यांनी विचारलं, "यारु कडिदरु?" कोणी तोडलं.

 सगळे जमले होते, काका, पलीकडच्या घरातली माणसं, बायका दाराशी. मी पुढे झालो आणि सांगितलं की हे मी लिहिलंय. साहेबांनी मला बसायला सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला काय शिकतोस तेही विचारलं. मग समजावून सांगितलं. त्यांच्या नकाशात तिथे वाट नाही. तिथे राखीव जंगल आहे. राखीव जंगलात झाड सोडा, झुडूप तोडणंही गुन्हा. ते चार वर्षं या भागात आहेत आणि त्यांना सगळं ठाऊक होतं, पण त्यांना ठाऊक असणं वेगळं. आता कुणीतरी हे पान त्यांच्या वरच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं, आणि पानावर लिहिलं होतं की सतरा घरं दरवर्षी कोयत्याने तोडतात. सतरा हा आकडा त्यांनी बोट ठेवून दाखवला.

दोनच गोष्टी करता येतील, ते म्हणाले. सतरा घरांवर सतरा खटले. किंवा गावाने मुचलका लिहून द्यायचा की इथून पुढे तोडणार नाही. आठ दिवसांनी ते परत येणार होते.

ते गेल्यावर सगळे तिथेच उभे होते. पलीकडच्या घरातली म्हातारी मला म्हणाली, "अरे लेकरा, घरात काय काय शिजतं ते बी लिवलंस काय?" कुणीतरी हसलं. मीही हसल्यासारखं केलं. मला आत काही वाटत नव्हतं. लाजही नाही. मी बघत होतो की साहेबांच्या जीपचे टायर कुठे वळले आणि तिथली माती कशी दबली आहे.

नंतरचे आठ दिवस मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. गुरं सोडली असतील, पाणी भरलं असेल. अण्णाचा फोन आला होता. तो फार घाईने बोलत होता, दोन्ही भाषांत. त्याने पान काढून टाकलं होतं, पण ज्यांच्याकडे गेलं होतं त्यांच्याकडे होतंच. तो म्हणाला, मी येऊन साहेबांना भेटतो, ओळखी काढतो. तो आला, भेटलाही. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि हेच सांगितलं.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी अप्पांना जे सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं. अप्पा अंगणात दोरी वळत होते. आई तांदूळ निवडत होती.

"मी साहेबांना सांगतो," मी म्हटलं. "मी मनानंच लिहिलं म्हणून. गावात असं कोण काय करत नाही म्हणून."

अप्पांनी दोरी थांबवली नाही. "मग साहेब काय लिवून घेतील?"

"ह्यानं खोटं लिहिलं म्हणून."

"कुणी?"

"मी."

"कुठल्या कॉलेजचा?"

मी दोरीचं सुटं टोक धरून दिलं.

"नको मग," अप्पा म्हणाले. "वाट गेली तर जाऊ दे."

मी म्हटलं की कॉलेजला कुणी विचारणार नाही, एवढ्यातेवढ्याला कोण कॉलेजपर्यंत जातं. ते म्हणाले, असल्या पानापायी साहेब इथवर येतील असं आपल्याला वाटलं होतं काय. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दोरीचा पीळ नीट बसतोय का एवढंच ते बघत होते.

आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "नऊ किलोमीटर म्हंजे चालून किती व्हतंय?"

मी सांगितलं, पावणेदोन तास. तुझ्या चालीनं दोन.

"म्हंजे सहाच्या आत निघायचं."

"होय."

 त्या वाटेने रोज जाणारी आमच्या घरात ती एकटीच होती. काकूचं सरपण यायचं, पोरं शाळेला जायची, पण रोज, वर्षभर, वेळेवर अशी आईच. साहेब आले तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, अप्पांनी ठरवलं तेव्हाही नाही. मीही विचारलं नव्हतं. मी अप्पांना विचारून वाट दिली होती, ती आठवड्यातून एकदा बाजाराला जाताना तिच्यावरून चालणाऱ्या माणसाला विचारून. हे तेव्हा, तिथे अंगणात, पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं, एवढंच. 

मुचलका मीच लिहिला. कानडीत चांगलं अक्षर असलेला गावात दुसरा कुणी नव्हता. साहेबांनी मजकूर सांगितला, मी उतरवला. "आम्ही खाली सही करणारे" इथून सुरुवात. राखीव जंगलातील कोणतेही झाड, झुडूप, वेल आम्ही तोडणार नाही. तोडल्यास होणाऱ्या कारवाईस पात्र राहू. एका ठिकाणी मी ऱ्हस्वदीर्घ चुकलो, ते साहेबांनी सुधारलं. पहिली सही अप्पांची. ते सही हळू करतात, प्रत्येक अक्षराला थोडं थांबून. नंतर काका. नंतर अंगठे. अंगठ्यांपुढे नावं मी लिहिली. सतराव्या घरातला माणूस गोव्याला कामाला होता, त्याच्या बायकोचा अंगठा घेतला. ती म्हणाली, आमच्या हिश्शाची यंदा तरी मजुरी वाचली. यावर मात्र सगळे मोकळेपणाने हसले, साहेबसुद्धा.

साहेब जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की चालायला बंदी नाही. माणसं जात राहिली तर जात राहतील, त्यांना कुणी अडवणार नाही. फक्त कोयता न्यायचा नाही. त्यांना वाटलं असेल की याने मला बरं वाटेल.

पावसाळा आला. मी धारवाडला होतो. गावी आलो की वाट बघून यायचो. आषाढात ती हातभर रुंद होती. श्रावणात घाणेरी दोन्ही बाजूंनी एकमेकीत घुसली. आई अजून तिथूनच जात होती, हातात काठी घेऊन काटे बाजूला करत. तिच्या पोटऱ्यांवर ओरखडे होते. लुगड्याचा काठ जागोजागी उसवलेला. ती म्हणायची, हे दरवर्षीचंच, दसऱ्यापर्यंत काढायचं. सवयीने म्हणायची. मग मी बघतोय हे तिच्या ध्यानात यायचं आणि ती दुसरं काहीतरी काढायची, खोलीवर तांदूळ संपले का, गादीला ढेकूण आहेत का.

भाद्रपदात ओढ्याच्या अलीकडे बांबूचं एक बेट आडवं पडलं. त्याच्याखालून वाकून जाता यायचं, पण पाटी घेऊन नाही. गार्डने बघितलं. तो म्हणाला, वर कळवतो. त्याने कळवलंही असेल.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी मुद्दाम घरी थांबलो. का, ते सांगता येत नाही. कॉलेजात काहीतरी कारण दिलं. सकाळी गावात बैल बांधलेलेच होते. पुरुष माणसं आपापल्या अंगणात बसली होती. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी खाटेची सुतळी आवळत होतं. कामाचा दिवस नाही आणि कामही नाही, असं त्या दिवशी गावात पहिल्यांदाच होतं. काका येऊन अप्पांशेजारी बसले. दोघे बराच वेळ म्हशीच्या पायाला झालेल्या जखमेबद्दल बोलले.

हे मी परत आल्यावरचं. आई त्याच्या आधीच, पहाटे निघाली होती. सहाला पाच कमी होते. भाकरीचं फडकं काखेत, चपला पायात. गाडीरस्त्याने. मी अण्णाची सायकल घेऊन तिच्या मागे गेलो. तिला म्हटलं, बस पुढे दांडीवर, सोडतो. त्या सायकलीला कॅरिअर नाही. तिने दांडीकडे बघितलं आणि म्हणाली, "पडलो तर भाकऱ्या कोण करणार?" मग मी उतरलो आणि सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालू लागलो.

हा रस्ता माझ्या चौथ्या मार्गात येतो. त्यावर मी इतका फिरलो होतो, पण कधी चालत नाही. सायकलवरून जे चढ कळतही नाहीत ते चालताना फार वेळ संपत नाहीत.  अर्ध्या तासाने एका पुलावर थांबून चपलेतला खडा काढताना आईने विचारलं, "पुस्तकात ह्या रस्त्याचं काय लिवलंस?"

मला पाठ होतं. "चढ सौम्य. डांबर बरं. सावली कमी, पाणी कुठंच नाही."

"खरं हाय," ती म्हणाली आणि चप्पल पायात घातली.

थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "आई, मी तुला विचारायला पायजे होतं."

"काय?"

"वाट द्यायची काय म्हणून."

ती चालत राहिली. "मी बी द्या म्हटलं असतं," ती म्हणाली. "मला तरी काय ठाऊक." काही पावलांनी तिने विचारलं, "तुझा तास किती वाजता असतोय आज?"

मी सांगितलं, आज सुट्टी काढलीय. ती म्हणाली, उद्या काढू नकोस.

आम्ही आठला दहा कमी असताना पोचलो. वसतिगृहाच्या मागच्या नळावर तिने पाय धुतले, ओरखड्यांवरून ओला हात फिरवला, पदर खोचला आणि आत गेली. आतून कुणीतरी कानडीत विचारलं, आज इतक्या लवकर कशी? ती काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मी बाहेर थोडा वेळ उभा राहिलो. मग सायकलवर बसून त्याच रस्त्याने परत आलो. तीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या टेम्पोने धारवाडला गेलो. ती तिच्या वेळेला निघाली असेल.